चिकूची साल

ठाणे तुरुंग, २ जून २०२५

ती. भाविकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. साहेब पत्र वाचतात, वाचू देत. पोलिसांना सांगितलं तेच तुलाही लिहितो. गोठ्यात शिरलो तेव्हा तिन्ही म्हशी पाय झाडत पडल्या होत्या, पोटं टम्म, तोंडाला फेस. आणि आपला चुलतभाऊ सुनिल त्यातल्या गौरी म्हशीचा जबडा फाकवून बाटली ओतत होता. कोण उभा राहून बघेल? कोयता हातात होता, चालवला. हात लोंबला तरी बाटली सोडेना, म्हणून परत चालवला.

चिकूच्या कारखान्यातली साल मी म्हशींना आणायला लागलो, दूध वाढलं, तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. विष घालून मोकळा झाला.

जामिनाला तुझी सही लागेल, असं वकील म्हणतो. लवकर कर. माया आहेच, ती राहू दे.

तुझा दीपेश

बोर्डी, १४ जून २०२५

चि. दीपेश यास,
अनेक आशीर्वाद.

सुनिलचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. हे आधी लिहिते, कारण तू विचारलंच नाहीस.

दोन म्हशी मेल्या. डॉक्टरांनी त्यांची पोटं फाडली तेव्हा मी शेजारी उभी होते. विष नव्हतं. आत नुसती साल होती, आंबलेली. कारखाना चार दिवस बंद राहणार म्हणून तू टेम्पोभर साल आणून सगळी म्हशींपुढे ओतलीस आणि तलासरीला लग्नाला गेलास. साल वाळवून, पेंढ्यात मिसळून, आधी मूठभर द्यायची असते. सुनिल हेच सांगायला आला होता तेव्हा तू त्याला आईवरून शिव्या दिल्यास.

आणि बाटलीत गोडंतेल होतं. पोट फुगलेल्या जनावराला आपल्याकडे पाजतात तेच, सुनिलच्या आईच्या, चंपाकाकूच्या फडताळातलं. म्हशी पडल्या तेव्हा सुनिलला हाक मीच मारली होती. तुला ओरडून सांगत होते. तू ऐकलं नाहीस.

गौरी तेवढी वाचली. तिच्या पोटात तेल गेलं होतं.

देव तुला बुद्धी देवो.

तुझी ताई

ठाणे तुरुंग, १ जुलै २०२५

ती. ताईस नमस्कार.

डॉक्टरला काकूने किती चारले ते विचार. गुराला साल बाधते म्हणे! मग महिनाभर दूध कशाने वाढलं? कोठडीतला एकजण मला साल्या म्हणून हसला, त्याचे दोन दात पाडले. आता कुणी हसत नाही.

तू माझी सख्खी बहीण की त्यांची? बाहेर आलो की सुनिलचा दुसरा हातही बघतो. मध्ये काकू आली तर काकूलाही. तू मध्ये येऊ नकोस. सही कधी करतेस ते कळव.

दीपेश

बोर्डी, ११ ऑगस्ट २०२५

चि. दीपेश यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, कारण राग शमायची वाट बघत होते. शमला नाही.

साल मी अजूनही आणते. तिच्यात खोट नाही, खोट तुझ्या घाईत आणि तुझ्या हातात. पाऊस सुरू व्हायच्या आत ओटीवर पुष्कळ वाळवून ठेवली. पेंढ्याबरोबर देते आणि गौरी बरं दूध देते. धार काढायला मला जमत नसे, सुनिल शेजारी बसून शिकवतो. आचळ कसं धरायचं ते दाखवायला उजवा हात पुढे करतो, मग तो मागे घेऊन डावा पुढे करतो. त्या वेळी तू समोर असतास तर कोयता मी उचलला असता.

चंपाकाकू म्हणतात, पोराला सोडव, रक्ताचं आहे. स्वतःच्या मुलाचा हात गेला असताना त्यांनी हे म्हणावं, याची मला जास्तच लाज वाटते. तुझं धमकीचं पत्र त्यांना दाखवलं नाही, सरकारी वकिलाला दिलं. जामिनावर सही करणार नाही आणि कोर्टात जे पाहिलं ते सांगेन. बहिणीने भावाला लिहू नये, पण लिहिते. मला तुझी भीती वाटते.

जेवत जा. अंगाला जप.

तुझी ताई

ता. क. राखीची वाट बघत असशील. यंदा एकच आणली होती. ती सुनिलला बांधली, डाव्या हाताला.