बंबाच्या पाइपाले गोणपाट

इंदोरा, नागपूर
४ डिसेंबर १९८३

सौ. प्रेमिलाताईस,
रविंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर मी रोज उद्यावर ढकललं, कबूल करतो. परवा कार्ड घ्यायले पोस्टात निघालो, वाटेत रुपराव भेटला अन् दोघं थेट रामटेकले पोहोचलो. बोरं गोड होती.

तर तुझ्या सासूबाई यमुताई मागच्या हिवाळ्यात आपल्या न्हाणीत गारठल्या, ते अजून धरून आहेत! जिथं नळाले ऊन पाणी नाही, तिथं सुनेले पहिल्या बाळंतपणाले धाडणार नाही म्हणतात. आई ते ऐकून त्या दिवशी जेवली नाही वं.

दोष बंबाचा नाही. बंबात पाणी उकळते, पण पाइप अंगणातल्या भिंतीवरून उघडाच न्हाणीत जाते. सारी ऊब वाऱ्यावर. म्हणून कळमन्यातून रिकामी पोती आणली अन् सुतळीनं पाइपाले गोणपाट गुंडाळून राहिलो. निम्मं झालं. मग धरमपेठेत सर्कशीचा तंबू लागला, तो पाहायले गेलो.

कळावे, माया पातळ करू नको.
तुझा रविंद्र

अमरावती
११ डिसेंबर १९८३

चि. रविंद्रास अनेक आशीर्वाद.

सर्कशीतून परतला असशील तर वाच. सासूबाईंनी तुझं पत्र ऐकलं अन् म्हणाल्या, ते पोरगं उरलेलं अर्धं पुढच्या जन्मी करंल. मी काहून भांडू? मलेही तेच वाटलं.

पण रवि, मले आईजवळच यायचं आहे. इथं सारे चांगले आहेत, तरी जीव घाबरते गा. एवढं एक काम पुरं कर. अन् पाणी हात घालून पाहा, नुसतं अंदाजानं लिहू नको.

आबाजींची तब्येत जप, आजोबा आता थकले. त्यांच्या अन् तुझ्या दोघांच्याही खोड्यांवर जीव असलेली,
प्रेमिला

इंदोरा, नागपूर
१८ डिसेंबर १९८३

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

पाइप पुरा गुंडाळला. हात घातला तर पाणी पहिल्यापेक्षा गार! गोणपाटाचा आणखी एक थर दिला. आणखी गार! आई नुसती बंबाकडं पाहत बसली. मले ते पाहवेना. जबलपूरले निघून जावं म्हणून पहाटे पिशवी घेऊन अंगणात आलो.

पाहतो तर आपले आबाजी झारी घेऊन उभे. या टोकापासून त्या टोकापर्यंत गोणपाट भिजवून राहिले! अन् मलेच रागावले, की गोणपाट कोरडं ठेवून काय कामाचं, उन्हाळाभर माठाचं गोणपाट मीच ओलं करतो, आजकालच्या पोरांना काही निगा राखता येत नाही. आपण माठ गार ठेवणारी माणसं, त्यांचं तरी काय चुकलं? मी हसता हसता पिशवीवरच बसलो.

गोणपाट उन्हात वाळवलं, पुन्हा गुंडाळलं अन् वरून मेणकापड बांधलं, आबाजी विसरले तरी चालंल असं. आज हात घातला अन् झटकन काढला. यमुताईंना सांग.

आबाजींचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच ऊन राहू दे.
तुझा रविंद्र

ता. क. पाकीट बंद करत होतो, तर दाराशी रिक्षा थांबली. तुझ्या सासूबाई! पत्र नाही, तार नाही. चहाले नाही म्हणून आधी न्हाणीत शिरल्या. आता आतून ओरडून राहिल्या, की हे पाणी आहे की निखारे, एक बादली थंड पाणी आणा लवकर. आई बादली घेऊन धावली आहे, हसू काही आवरत नाही तिले. तू ट्रंक भरायले घे.