बंडूच्या घरमालकीणबाई वाशीत

वाशी, नवी मुंबई
मे १९८४

ती. सौ. मीनाताईस,

धाकट्या वैजूचा सा. नमस्कार, आणि भावोजींनाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? (दरवेळी रीत म्हणून विचारते, पण या खेपेला मला खरंच काळजी आहे. त्यांची गोळी घेऊन झाली नसेल तर आधी ती देऊन ये, मग पुढे वाच.) इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढं लिहिता लिहिता दोनदा उठले, एकदा दूध बघायला आणि एकदा उगाचच.

तर तुझ्या बंडूच्या हॉलंडच्या घरमालकीणबाई आमच्याकडे उतरल्या. तू लिहिलं होतंस, 'वयस्कर बाई आहे, भारत बघायचा म्हणते, विमानतळ तुम्हाला जवळ, थोडे दिवस ठेवून घ्या.' ताई, विमानतळ आम्हाला जवळ नाही. आम्हाला जवळ आहे ती खाडी, आणि तिचे डास. आणि वयस्कर म्हणशील तर कोर्नेलियाबाई ह्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेत आणि आमचे तीन मजले एका दमात चढतात. (शाळेत पोहायला शिकवायच्या म्हणे.) मी त्यांना बाई म्हणते. त्या मला 'वायजंती' म्हणतात. दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

आता ह्यांचं सांगते. ह्यांच्या तळोज्याच्या कारखान्यात मागे मशीन बसवायला एक जर्मन आला होता. त्याला कँटीन दाखवायचं काम ह्यांच्याकडे आलं, आणि तेव्हापासून परदेशी माणसांतलं आपल्यालाच सगळं कळतं अशी ह्यांची समजूत आहे. बाईंनी बूट काढायच्या आत ह्यांनी सूचना सुरू केल्या. मुंबईत पहिल्यांदा आलेल्या माणसानं पाणी उकळलेलंच प्यावं. गाडीवरचं काही खाऊ नये. भाव सांगतील त्याच्या निम्म्यानं मागावं. रस्ता एकट्यानं ओलांडू नये, चार माणसं निघाली की त्यांच्या आडोशानं निघावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणी 'चला, चला' म्हणालं तर त्याच्यामागे मुळीच जाऊ नये. बाई प्रत्येक सूचनेला 'यस, नंदकुमार' म्हणायच्या. अशी आज्ञाधारक श्रोती ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली, त्यामुळे ते फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मुंबई दाखवायला निघालो. बसमध्ये बाईंनी तिकिटाचे पैसे स्वतःच देण्याचा हट्ट धरला, आणि कंडक्टरनं आकडा सांगताच गोड हसून म्हणाल्या, 'हाफ.' कंडक्टरनं त्यांना पायापासून छतापर्यंत न्याहाळलं आणि ह्यांना विचारलं, "साहेब, बेबीचं वय काय?" पुलावर खाडीचं वारं एवढं सुटलं होतं, तरी ह्यांना घाम फुटला.

संध्याकाळी चौपाटीवर ह्यांनी बाईंना भेळ दाखवली. हे काय खायचं नाही ते नीट कळावं म्हणून एक प्लेट विकतही घेतली, चिंचेचं पाणी बोटानं दाखवलं, धोका समजावून सांगितला. मग फुकट कशाला घालवायची म्हणून स्वतः खाल्ली. (बाईंनीही आमची नजर चुकवून खाल्ली, ते मला नंतर कळलं. त्यांना काही झालं नाही.) हे मात्र दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले.

इथून खरा घोळ. ह्यांच्यासाठी शहाळं आणते म्हणून बाई दुपारी खाली उतरल्या. कोपऱ्यावरच मिळतं, म्हणून मीही जाऊ दिलं. भांडी घासून झाली, कपडे वाळत घालून झाले, बाईंचा पत्ता नाही. मी चपला सरकवून धावले. शहाळेवाला म्हणाला, "वो गोरी मेमसाब? वो तो मच्छीवाली के साथ टेम्पो में गयी." ताई, आता बंडूला काय तोंड दाखवायचं? परक्या देशातली बाई, आपल्या भरवशावर आलेली, आणि तिला आम्ही टेम्पोत हरवलं!

हे पायजम्यावरच उठले. पोट धरून आम्ही चौकीत गेलो. (पोट ह्यांनी धरलं होतं, मी ह्यांना.) हवालदारानं ओळखीची खूण विचारली. हे म्हणाले, "उंच, गोरी, डोळे निळे." हवालदार म्हणाला, "वाशीत तेवढं बास झालं." टेम्पो सानपाड्याचा होता, एवढं त्यानंच विचारपूस करून शोधलं आणि आम्हाला रिक्षात बसवलं. वाटेत हे एकसारखे म्हणत होते, "मी सांगितलं होतं, कुणी चला म्हटलं तर जाऊ नका." मी रडत होते, म्हणून त्यांना काही बोलले नाही. एरवी बोलले असते.

सानपाडा गावात शिरलो तर बँड वाजत होता. मांडव, पताका, दारात ही गर्दी. आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी गोजरा मला बघून पुढे आली. "अगो बाय, रडतंस कशाला? तुजी पावनी आमच्याकरं हाय. माज्या भाच्याची हलद हाय ना आज!" मी आत पाहिलं. बाई केसांपासून कोपरापर्यंत पिवळ्याजर्द, गळ्यात झेंडूची माळ, आणि बायकांच्या मधोमध हात वर करून नाचत होत्या. कडेच्या खुर्चीवर ह्यांचं शहाळं ठेवलेलं होतं. मला बघताच त्या धावत आल्या आणि मी काही बोलायच्या आत माझ्या दोन्ही गालांना हळद फासली.

मग मला हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. नवऱ्यामुलाची आई, विमलबाई, हिनं आम्हाला हाताला धरून पंगतीला बसवलं. ह्यांनी नुसता भात खाल्ला, पण दोनदा मागून घेतला. तिथे जेवताना बाई माझ्याशी एक गोष्ट बोलल्या. ती इथे लिहिणार होते, पण हे म्हणतात पत्र फार लांबलं. तेव्हा पुरे करते. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
वैजू

ता. क. ती गोष्ट लिहितेच. हे झोपलेत. बाईंनी विचारलं, "नवरीला हळद कोण लावतं?" मी म्हटलं, तिची आई, मावश्या, माम्या. त्या म्हणाल्या, "मग मला शिकून घ्यायला हवं." ताई, बंडूनं आणि बाईंच्या लेकीनं, आनेकेनं, लग्न करायचं ठरवलंय. तुला लिहायचा त्याला धीर होत नाही. बाई भारत बघायला आल्याच नव्हत्या. मुलगी कुठल्या माणसांत जाणार ते बघायला आल्या होत्या, आणि विमानात बसल्यापासून त्यांना झोप नव्हती. म्हणाल्या, "आज ओळखपाळख नसलेल्या बायकांनी मला रस्त्यावरून उचलून घरात नेलं, हळद लावली, पोटभर जेवू घातलं. आता मी झोपेन."  मी त्यांच्या पानात आणखी एक वडा वाढला. ताई, त्या बाईला वाईट वाटेल असं काही करू नकोस गं. आणि बंडूला तूच आधी लिही.

ता. क. २. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. तुमच्या सांगलीच्या गाडीत बसवून देताना बाईंच्याच हातात देणार आहे. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा त्या तुझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या असतील. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण पहिल्या ओळीपासून त्या तुझा चेहरा वाचत असणार. हे मी अगदी वरतीच लिहायला हवं होतं, पण हिंमत झाली नाही. आता मान वर कर आणि हस.