अ‍ॅझोटोमीटरमधला पारा

प्रिय भिंगरी,

परवा तू फोनवर विचारलंस, आई, तुला बाळ नकोय का घरात? आणि मी फोन ठेवून दिला. घर रंगवायला काढलंय म्हणाले ते खोटं होतं. मला धड खोटंही बोलता येत नाही. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, त्यात आता हात कापतो, तेव्हा अक्षर लावून वाच. चुका काढत बसू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

तुला तो अ‍ॅझोटोमीटर आठवतो का? शाळा सुटली की खताच्या प्रयोगशाळेत येऊन माझी भांडी धुऊन व्हायची वाट बघायचीस, तेव्हा खिडकीशी उभा असायचा. उंच काचेची नळी, अंगावर आकड्यांच्या रेघा, वर तोटी, तळाशी पारा. खताचा नमुना जाळला की त्यातला नायट्रोजन बुडबुडे होऊन नळीत चढायचा, आणि पारा खाली दारात आडवा पडलेल्या कुत्र्यासारखा, एकदा वर गेलेल्याला परत येऊ द्यायचा नाही. किती चढला ते मोठे सर डोळा बारीक करून वाचायचे. बाकीचे नुसतं 'लांब नळी' म्हणायचे. सरांनी मात्र पट्टीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून नळीला चिकटवलं, खाली 'पारा ११० ग्रॅम'. म्हणाले, बाई, जी धुते तिला नाव यायला पाहिजे. आठ दिवस लागले मला ते एक नाव वाचायला. त्याच्याहून मोठा शब्द मी जन्मात वाचलेला नाही.

सर निवृत्त झाले, नवं यंत्र आलं, लांब नळी भंगारात निघाली. नवी केमिस्ट पोरगी विचारायला लागली, हे काय आहे? शिकलेले सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मी फडकं पिळता पिळता नाव सांगितलं. अशी गंमत वाटली म्हणून सांगू. तो भंगारात जाऊ द्यायला जीव होईना, जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणला. पारा काढून जमा करायचा नियम होता. मी काढला नाही. वाटलं, पाऱ्याशिवाय ती नुसती काच. आगाऊपणा, दुसरं काय.

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. बाळाचा पाळणा तिथंच ठेवणार होते. वरच्या फळीवरून चादर ओढली आणि नळी खाली आली. काच फुटली त्याचं काही नाही. पारा सगळ्या खोलीभर पळाला. आणि मी काय करावं? झाडू घेतला. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत पारा सांडला तर झाडू लावायचा नाही हे मीच दुसऱ्यांवर ओरडून सांगायचे, आणि घरात माझा हात आपोआप झाडूकडे गेला. एका थेंबाचे शंभर झाले. कागदावर जमेल तेवढा गोळा केला, बाटलीत भरला, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवला. एक्याऐंशी. तीनदा ठेवला, तीनदा एक्याऐंशी ग्रॅम; पट्टीवर एकशे दहा.

केमिस्ट पोरीला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाली, मावशी, तो दिसत नाही तेव्हाही हवेत उडत असतो. मोठ्यांना वाईटच, पण तान्ह्यांना फार वाईट, ती जमिनीलगत असतात. माझे हात बघून डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं विचारलं, चिडचिड कधीपासून होते? म्हटलं, जन्मापासून, त्याचा पाऱ्याशी काय संबंध. तो हसला, पण लघवी तपासायला घेतलीच. रिपोर्ट गुरुवारी.

आता रोज दुपारी खोलीचे पडदे ओढते, जमिनीवर गाल टेकून बॅटरी आडवी धरते. फरशीच्या सांध्यातून काही ना काही चमकतंच. काल पलंगाच्या पायाशी तीन सापडले, राईएवढे. सापडला की धसका बसतो, नाही सापडला तर जास्त बसतो.

आणखी एक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू सहा वर्षांची असताना तापात किरकिरत होतीस, तेव्हा मी प्रयोगशाळेतून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत पाऱ्याचा एक थेंब आणला होता. ताटलीत तो फिरवत तू दोन दिवस खेळलीस, ताप विसरलीस. मला वाटलं होतं, काय हुशार आई आहे मी. नंतर तो हरवला. कुठं गेला ते मी त्या वेळी विचारलंही नाही. आता रोज विचारते. तूही एकदा डॉक्टरला दाखव. मला शिव्या दे, पण दाखव.

एक तारखेला तू कामावर जाणार आणि बाळ माझ्याकडे राहणार, हे आपलं ठरलं होतं. त्याला आणू नकोस. गवंडी सोमवारी तुझ्या खोलीची फरशी उखडणार आहे, मग ती पोरगी हवा मोजायचं यंत्र घेऊन येईल. तिनं बरं म्हटल्याशिवाय तूसुद्धा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी फोनवर तू हसत म्हणालीस, आई, तो आता रांगतो, जमिनीवरचं दिसेल ते उचलून तोंडात घालतो. म्हणून मी ते रंगाचं खोटं सांगितलं. एकोणतीस ग्रॅम अजून सापडायचे आहेत, भिंगरी.

तुझीच,
आई