सातव्या प्रकरणाचा वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, व्यवसाय लेखन, आज सकाळी स्वतः चहा करून, तीन जिने स्वतः उतरून-चढून आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चार चुका शोधून हे लिहायला बसले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, याला एवढा पुरावा पुरे व्हावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकीलबाई समोर बसून घड्याळ बघत आहेत, त्याला दबाव म्हणता येत नाही. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्रात शेरे नसतात हो." मी म्हटले, "कायद्याचं तुम्ही बघा, वाक्यांचं मी बघते." यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. पुस्तके रद्द नाहीत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलीचे. तिने विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या खोलीतले टेबल भिंतीकडे तोंड करून का आहे, असे घेणाऱ्याने विचारल्यास सांगावे की खिडकीपाशी बसून मी पहिले वर्षभर फक्त रस्ता बघितला.

कलम २. ते टेबल, खुर्ची आणि दिवा वाचनालयातल्या माझ्या गुरुवारच्या लेखनवर्गाला द्यावा, आणि सोबत पुढील मजकूर वाचून दाखवावा. सकाळी दहा ते एक बसायचे, सुचो वा न सुचो. उद्या कुठून सुरू करायचे हे ठाऊक असतानाच उठायचे. लिहिलेले मोठ्याने वाचायचे. जीभ अडखळली की वाक्य दुरुस्त करायचे, जिभेला दोष द्यायचा नाही. पहिला खर्डा तीन महिने कपाटात कोंडून ठेवायचा, कारण लिहून झाल्याच्या दिवशी प्रत्येकाला आपले पोर देखणेच दिसते. नोकरी घाईने सोडू नये. मी बावीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. नळाला पाणी नाही हे सांगायला आलेला माणूस आधी सुनेबद्दल बोलतो, मग गुडघ्याबद्दल, आणि जाता जाता नळाबद्दल. संवाद लिहायला मी त्या खिडकीत शिकले.

कलम ३. धाकट्या भावाला माझ्या तेराही पुस्तकांची एकेक प्रत द्यावी. "लिहितेस ते ठीक आहे ताई, पण दिवसभर करतेस काय?" असे तो चाळीस वर्षे विचारत आला आहे. प्रतींवर मी त्याच्या नावाने सह्या करून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या कोणाला भेट देता येणार नाहीत.

कलम ४. मोठा शब्दकोश मुद्रितशोधकांना. माझ्या पहिल्या पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी मला न विचारता काढून टाकला, म्हणून मी त्यांच्याशी अकरा वर्षे बोलले नाही. परिच्छेद वाईटच होता. पण विचारायला हवे होते, हे माझे म्हणणे कायम आहे.

कलम ५. आता ज्यासाठी वकीलबाईंना बोलावले ते.

माझ्या नवव्या कादंबरीचे सातवे प्रकरण लोकांना फार आवडते. त्यात एक मुलगी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बिस्किटे खात असते, आत तिचे मामा वारतात, आणि तिला आधी सुटल्यासारखे वाटते, मग रडू येते. ते प्रकरण माझे नाही. माझ्या मुलीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मला लिहिलेले ते पत्र आहे. तिचे वडील गेले तेव्हा रुग्णालयात ती एकटीच होती. मी परगावी व्याख्यानाला गेले होते. तिने पंधरा दिवसांनी वसतिगृहातून लिहिले. मी वडिलांचे मामा केले, गाव बदलले, बिस्किटे तेवढी तशीच ठेवली, आणि आता हे आपले झाले असे धरून चालले. अशी चूक लेखकच करू जाणे. तिच्या लग्नात कोणीतरी तिलाच म्हणाले, "आईनं काय लिहिलंय हो ते प्रकरण!" ती हसली. मला मात्र नंतर एवढेच म्हणाली, "आई, ते मी तुला लिहिलं होतं." त्यानंतर तिने मला एक ओळही लिहिलेली नाही. रविवारी फोन येतो. गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का.

सबब सातव्या प्रकरणाचे सर्व हक्क मी तिला देत आहे. तिने ते काढायला सांगितल्यास प्रकाशकांनी कुरकुर न करता काढावे. सहावे संपले की आठवे सुरू करावे, आकडे सारखे करू नयेत.

वकीलबाईंनी विचारले, "तिला विचारलंत?"

परवा विचारले. ती म्हणाली, "प्रकरणाचं राहू दे. मूळ पत्र आहे तुझ्याकडे?"

कलम ६. पत्र आहे. काल फाइलमधून काढले. मी त्या पत्रावरच लाल पेन्सिल चालवली होती, आणि शेवटच्या तीन ओळी पाल्हाळ म्हणून खोडल्या होत्या. छापील प्रकरणात त्या नाहीत, त्यामुळे मी त्या पार विसरले होते. त्या अशा:

"हे वाचलंस की फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही. मिळेल त्या गाडीनं ये."

मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी प्रकरण लिहायला बसले.

हे पत्र माझ्या पश्चात देण्याच्या वस्तूंत धरू नये. मी ते घेऊन निघाले आहे.

ठिकाण: मागची खोली. वार मंगळवार, वेळ सकाळी साडेअकरा. अजून दीड तास लिहायचा होता, तो आज सोडला.

(सही)

साक्षीदार: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, वाचनालयाचे ग्रंथपाल.
त्यांनी आमच्या देखत सही केली. त्या घाईत होत्या, पण पूर्ण शुद्धीत होत्या. बॅग आम्ही खाली नेऊन दिली.