ओट्यावरचा मास्तर

किन्हवली, ता. १४ जून १९३८, मंगळवार

डोकं तापलंय नुसतं. आमच्या शाळा कमिटीने आज महारवाड्यातल्या सखारामला मास्तर नेमला, पण अट काय, तर त्याने ओट्यावर बसून खिडकीतून शिकवायचं! पोरं आत, मास्तर बाहेर. जेवायला बोलवायचं आणि हात बांधून बसवायचं, तसलंच हे.

"सरकारी हुकमाचं बी भागलं, आपल्या सोवळ्याचं बी," अध्यक्ष हसले.

सखारामने विचारलं, "पोरानं पाटी दाखवली, तं हातात घेऊ का नको?"

मीच ओरडलो, "घे रे! पयली माझ्या नातवाची घे!"

घरी आलो, तर सून म्हणते, "मामंजी, पोर उद्या शाळंत जाणार नाय."

घ्या! कमिटीला काय तोंड दाखवू? आता पहिलं भांडण माझ्याच चुलीपाशी.