पत्र्याच्या आतून

९ जून, मंगळवार

छाती सोलून निघाली. काखेपासून खाली बरगडीपर्यंत लालभडक. बनियन काढताना कळवळलो तर मेकअपवाला म्हणतो, "यंत्राला दुखत नसतं रे पत्र्या."

पत्र्या म्हणजे मी. इथे खरं नाव कुणी विचारलं नाही. टीव्हीच्या मालिकेत अंतराळयानावर एक यंत्रमानव आहे, त्याच्या आत मी असतो. पत्रा म्हणतात पण पत्रा नाही तो — फायबर, वरून चंदेरी रंग. डोळ्यांच्या जागी दोन फटी. समोरचं तेवढं दिसतं. खालचं काही नाही, स्वतःचे पायसुद्धा नाहीत. कानाशी छोटा पंखा घरघरतो, त्यामुळे ऐकूही धड येत नाही. आंधळा, बहिरा आणि वर उकडलेला बटाटा.

तरी टिकलोय. गोदाम सोडलं, हॉटेल सोडलं, रंगारी झालो ते सोडलं. दादा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे, तू एका जागी मरणारसुद्धा नाहीस. इथे मात्र वर्ष होत आलं. का, ते मला माहीत आहे. कप्तानमुळे.

११ जून, गुरुवार

आईचा फोन.

"तो पत्र्याचा मेला म्हणजे तूच ना? वहिनी म्हणते, आत कुणीही असेल, भाऊजी उगाच फुशारक्या मारतात."

म्हटलं, मागच्या भागात यंत्राने डाव्या हाताने कान खाजवला, तो बघितलास का? आई म्हणाली, "बाई गं. तूच तो. लहानपणापासून उजवा हात मोकळा असला तरी डाव्यानेच खाजवतोस." रडली. वहिनी मागून म्हणाली, आता हरले हो भाऊजी.

त्या खाजवण्याबद्दल साहेबांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, मला सगळ्यांसमोर झापलं होतं. "यंत्राला खाज सुटते का रे?" कप्तानने बाजू घेतली. "सुटू द्या की. तेवढंच एक जिवंत झालं बघा तुमच्या यानात."

कप्तान म्हणजे यानाचा कप्तान होतो तो म्हातारा नट. खऱ्यातही सगळे कप्तानच म्हणतात. मुखवट्यातून कसं बोलायचं ते त्याने शिकवलं. "चेहरा नाही ना तुला? मग मानेने बोल. आधी मान वळव, मग थांब, मग अंग वळव. लोकांना वाटेल विचार करतोय." साहेबांना दर आठवड्याला सांगतो, "पोराचा चेहरा एकदा दाखवा हो. त्याची माय वर्षभर डबा बघतेय." साहेब म्हणतात, बघू.

१५ जून, सोमवार

नव्या भागाचे कागद वाटले. कप्तानचा खून होणार! खऱ्यातल्याचा नव्हे, गोष्टीतल्याचा. म्हातारा मालिका सोडतोय, मुलीकडे राहायला जाणार. म्हणून हा भाग त्याचा शेवटचा.

गोष्ट अशी. यान बंद. बाहेरून कुणी येणं शक्य नाही. कप्तान गळा दाबलेला सापडतो आणि गळ्यावर यंत्राच्या बोटांचे वळ. पण यंत्र म्हणतं, मला माहीत नाही. आणि यंत्राला खोटं बोलता येत नाही. मग खुनी कोण? शेवटची पानं साहेबांनी कुणालाच दिली नाहीत. सगळे पैजा लावतायत.

मी कप्तानला विचारलं, हात माझेच ना? मग खुनी मीच की. म्हणाला, "सुरी कधी तुरुंगात गेलेली बघितलीस का?"

१६ जून, मंगळवार

शिवणकामाच्या मावशींना छाती दाखवली. नको नको म्हणत होतो, त्यांनीच बनियन वर केलं. "अरे देवा. सांगायचं नाहीस? तोंड शिवलंय का तुझं?" जेवणाच्या सुट्टीत न जेवता बसल्या आणि छातीच्या कवचाला आतून काळा फोम लावून दिला. चांगला दोन बोटं जाड. घालून बघितलं — गादीवर पालथं पडल्यासारखं. मावशी म्हणाल्या, "आता तुला कुणी गुद्दा मारला तरी कळायचं नाही."

१७ जून, बुधवार

खुनाची तालीम. यंत्राची बोटं रबराची, आत सळ्या. मी दाबतो किती ते मला कळत नाही, बोटांत काही जाणवतच नाही. म्हणून हळूच धरत होतो. साहेब वैतागले. "गळा धरतोयस की ताप बघतोयस?"

कप्तान म्हणाला, "दाब रे. मी मरत नाही. जास्त झालं तर तुझ्या छातीवर दोनदा टकटक करीन. टकटक झाली की सोड." मग सगळ्यांकडे वळून मोठ्याने, "ऐकलं का? दोनदा टकटक म्हणजे थांबायचं. हे अभिनयात नाही."

साहेब म्हणाले, ऐकलं. कॅमेरावाल्याने अंगठा दाखवला. त्याच्या कानात कायम साहेबांचा आवाज येणारं यंत्र असतं, साहेब सांगतील तेव्हाच आणि तेवढाच कॅमेरा हलवतो. स्वतःच्या मनाने हलवला म्हणून एकाला मागे घरी पाठवलंय.

तालीम पत्रा न घालताच झाली, उकाडा होता म्हणून. माझ्या बनियनवर कप्तानने दोनदा टकटक केली. मी सोडलं. सोपं.

१८ जून, गुरुवार

कप्तान गेला. माझ्या हातात.

१९ जून, शुक्रवार

काम बंद आहे. लिहून बघतो.

पत्रा चढवला. धूर सोडला. साहेबांनी धोक्याचा भोंगा खराच लावला, नटांना वातावरण यावं म्हणून. मी गळा धरला. फटीतून कप्तानचा चेहरा दिसत होता, फक्त चेहरा. डोळे मोठे झाले. तोंड उघडं. मला वाटलं, काय काम करतो म्हातारा. खरंच तसं वाटलं.

टकटक आली नाही. मी वाट बघत होतो. छातीला काही लागलं नाही. साहेबांचा "कट" येईना. मग चेहरा फटीतून खाली गेला आणि हातांना ओढ लागली. मला वाटलं, पडण्याचा अभिनय. तेवढ्यात "कट" आला, टाळ्या वाजल्या. पंख्याच्या घरघरीतूनही ऐकू आल्या.

कप्तान उठला नाही.

मेकअपवाल्याने त्याच्या गळ्यावर बोटांचे वळ सकाळीच रंगवून ठेवले होते, पुढच्या शॉटसाठी, वेळ वाचावा म्हणून. डॉक्टर येईपर्यंत तो ओल्या कापसाने ते पुसत होता. सगळे निघाले नाहीत. तो पुसतच राहिला.

डॉक्टर म्हणाला, हृदय. आधीही एकदा झटका येऊन गेला होता म्हणे, कप्तानने लपवला होता. वळ म्हणे नाटकातल्या झटापटीचे, तेवढ्याने माणूस मरत नाही.

मग मला आठवलं. फोम. टकटक आली नाही, की मला कळली नाही?

२० जून, शनिवार

पोलीस आला. एकच, जाडजूड, खुर्ची शोधत. साहेबांनी टकटकीचं स्वतःहून सांगितलं. "ठरलं होतं. पण त्यांनी केलीच नाही. केली असती तर या मुलाला कळली असती."

"तुम्हाला दिसली असती ना?"

"कॅमेरा चेहऱ्यावर होता. मी पडद्यावर फक्त चेहरा बघत होतो. धुरात हात कुणालाच दिसत नव्हता."

पोलीस म्हणाला, घाल रे तो डबा. मावशी पत्रा घेऊन आल्या. माझ्याकडे बघेनात. मी आत शिरलो — आणि छातीला फायबर लागलं. जुन्या जखमेवर, कडक. फोम नव्हता.

पोलिसाने दोनदा टकटक केली. दुखलंच. "कळलं?"

"कळलं."

"मग झालं. टकटक केलीच नाही त्यांनी. हृदय." आणि सही करून चहा प्यायला.

मी खोटं काहीच बोललो नाही.

२२ जून, सोमवार

कप्तानची मुलगी आली. वडिलांसारखंच कपाळ. सगळ्यांशी बोलली, मग मला शोधत आली. "तुम्हीच ना ते, डाव्या हाताने कान खाजवणारे? बाबा फोनवर सांगायचे."

मी मान हलवली.

म्हणाली, "त्यांना खूप त्रास झाला का? की पटकन? तुम्ही सगळ्यांत जवळ होतात."

पटकन, म्हटलं. तिने माझा हात हातात घेतला. त्यांचा गळा धरलेला. नंबर दिला. "त्यांचं काही आठवलं तर फोन करा. काहीही. मी त्यांची खोली रंगवून घेतली होती हो."

२९ जून, सोमवार

मावशींनी मागच्या आठवड्यात मला उशी शिवून दिली होती. "झोप येत नाही तुला, डोळे बघ कसे झालेत." आज तिची शिवण उसवली. आत काळा फोम. माझ्याच घामाचा वास. इतके दिवस डोकं ठेवून पडत होतो त्याच्यावर.

उशी घेऊन गेलो. मावशींनी मशीन थांबवलं नाही.

"कचऱ्यात टाकला असता तर कुणी उचलला असता. जाळला असता तर वास आला असता. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मावशी, त्याने टकटक केली असेल."

"केली असेल. नसेलही. मला दोन मुली आहेत. तुला आई आहे. तू तोंड उघडलंस की आधी विचारतील, फोम कुणी लावला. तुझं दुखणं बघवलं नाही म्हणून लावला रे मी."

मी उशी त्यांच्या मशीनशेजारी ठेवली.

"घेऊन जा ती उशी. आणि माझ्याकडे येत नको जाऊ काही दिवस."

३ जुलै, शुक्रवार

साहेबांनी खोलीत बोलावलं. बस म्हणाले. वर्षात पहिल्यांदा.

"तुझी काही चूक नाही. मनातून काढून टाक. फक्त बाहेर कुणाशी त्या दिवसाबद्दल बोलू नकोस, लोक एकाचं दोन करतात." मग म्हणाले, "पुढच्या भागात यंत्राचं डोकं उघडेल. आत माणसाचा चेहरा. तुझाच ठेवू. चार ओळी बोलशील."

कप्तान वर्षभर मागत होता ते. आता मिळतंय. मला हो म्हणवलं नाही आणि नाहीही म्हणवलं नाही.

निघताना विचारलं, तो शॉट टाकून देणार ना? साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो शॉट ठेवणार. कप्तानची आठवण म्हणून. असा शॉट जन्मात एकदा मिळतो."

९ जुलै, गुरुवार

शेवटची पानं आली. खुनी यानाचा डॉक्टर निघाला. यंत्राला हुकूम त्याने दिला आणि नंतर तो हुकूम यंत्राच्या आठवणीतून पुसला. मी मधोमध उभा राहायचं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवायचं, मग एकेक बोट डॉक्टरकडे वळतं. लाइटवाला पैज हरला. मी पत्र्याच्या आत रडलो. त्याचा एक फायदा आहे, बाहेर काही दिसत नाही.

गोष्टीत बरं असतं. शेवटच्या पानावर यंत्र सुटतं.

३० जुलै

आईला चेहऱ्याचं सांगितलं. गल्लीभर सांगितलंन म्हणे. दादासुद्धा म्हणाला, टिकलास बाबा एकदाचा.

बॅग भरली. परत रिकामी केली. कुठे जाऊ? हात बरोबरच येणार.

२२ ऑगस्ट, शनिवार

भाग लागला. सगळे जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीसमोर. साहेब नव्हते. मावशी मागे दाराशी उभ्या होत्या.

टकटक आहे.

कप्तानचा हात माझ्या छातीवर. दोनदा. थांबला. परत दोनदा. मग नुसताच ठोकत राहिला, मग बोटं घसरत गेली. भोंग्याच्या आवाजात टकटक ऐकू येत नाही, पण दिसते. आणि वर मी. दाबतोय.

लाइटवाला म्हणाला, "काय हात बोलतो रे म्हाताऱ्याचा." कुणीतरी टाळी वाजवली. मागे वळलो तर दाराशी मावशी नव्हत्या.

तर मी मारलं त्याला. आता माहीत झालं. कप्तानच्या मुलीला सांगायचं. मावशींचं नाव घेणार नाही. म्हणेन, फोम मीच लावला.

२३ ऑगस्ट, रविवार

मुलीला फोन लावला, उचलला नाही. ती उलटा करेल तेव्हा नीट सांगता यावं म्हणून लिहून ठेवतो.

दुपारी भाग परत लागला. एकटाच होतो. आज हाताकडे बघत बसलो नाही. हात मला दिसतोय कसा, ते बघितलं.

आधी पडद्यावर फक्त चेहरा आहे. साहेब म्हणाले तसा. हात कुठेच नाही. मग कप्तानचा खांदा दोनदा हलतो, आणि चित्र खाली सरकायला लागतं. हळू. साहेब सांगतील तेवढंच. काही घाई नाही. हनुवटीवरून, माझ्या कोपरावरून हाताशी येतं. हात टकटक करत असतो.

तो खाली पडेपर्यंत चित्र तिथेच थांबतं.