उधई नसलेली टेकडी

आई, आज तुझ्याशी उधईबद्दल बोलायचं आहे. तुझ्या तोंडी ती उधईच असायची. वाळवी हा शब्द मी नाशकात शाळेत उचलला आणि सुट्टीत तुझ्यासमोर मोठ्या ऐटीत वापरला, तेव्हा तू चुलीपुढून न उठताच म्हणालीस, "नाव बदललं म्हणून खायची थांबती का ती?" तुझ्याएवढी होऊन मला आता बरीच वर्षं झाली. या किड्याच्या मागे रानोमाळ हिंडण्यात माझी नोकरी सरली. जे कळलं ते शेकडो मुलांना शिकवलं, पण ज्या बाईला ते आधी सांगायला हवं होतं तिला सांगायचं राहून गेलं.

माझे वडील गेल्यावर तू सायखेडा गाव सोडलंस, मला नाशकात मामाच्या घरी ठेवलंस आणि पेठ रस्त्यावरच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागलीस. शनिवारी शाळा सुटली की मी एस.टी.ने तुझ्याकडे यायची. तुझ्या खोलीमागे टेकडी होती आणि तिच्यावर जंगल. ऐन, धावडा, साग, मधेच एखादा मोह, आणि खाली इतका पाचोळा की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. मला त्या पाचोळ्याची भीती वाटायची. तू मात्र सरपण वेचत सरळ आत शिरायचीस आणि कुजलेलं लाकूड पायाने उलटवून म्हणायचीस, "हे नको, हे उधईचं हाय." जणू वाटणीच झालेली होती. तिच्या वाट्याचं लाकूड तू कधी उचललं नाहीस.

मग एका हिवाळ्यात त्या टेकडीवरचं जंगल तोडलं. चांगलं लाकूड ट्रकमधून गेलं, उरलेल्या काटक्याकुटक्या आणि पाचोळा पेटवून दिला. मी पुढच्या शनिवारी आले तर खोलीच्या मागे नुसता काळा उतार. पावसाळ्यात तिथे निलगिरी लावली. रोपं तुमच्याच हातची, काळ्या पिशव्यांत वाढवलेली. दिवाळीला मी आले तेव्हा ती उभ्या उभ्या वाळत होती. तू एक रोप चिमटीत धरून वर ओढलंस, ते अलगद हातात आलं. जमिनीखाली सालीचं कडं पूर्ण खाल्लेलं, मुळं पोकळ.

रोपवाटिकेचे साहेब आले तेव्हा मी तिथेच होते. तुला सगळ्या बायकांसमोर उभं केलं.

"बाई, तुझं लक्ष कुठं असतं? तुमच्या पिशव्यांतूनच कीड गेली."

"साहेब, माती तीच हाय, दरसालची."

"मग झाडं काय मी खाल्ली?"

दोघीतिघी पदराआड हसल्या. तू हसली नाहीस. त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस आणि ती रोजच्यासारखीच गोल होत होती, हे मी बघत बसले होते.

त्यानंतर उधई मारायची पावडर आली. गोणी फोडली की उग्र वास घशात उतरायचा. मातीचा ढीग करून त्यावर ती पसरायची आणि कोपरापर्यंत हात घालून खालून वर कालवायची. तुझ्या गटाची मुकादम तूच, म्हणून हे काम तू दुसरीला देत नव्हतीस. साहेबांनी पुन्हा बोट दाखवायला नको, एवढंच तुझ्या डोक्यात. मला अजून दिसतं, तू ढिगाशी उकिडवी बसली आहेस, तोंडावर पदर बांधलेला, आणि भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. तुझ्या हातच्या पिठल्याला तो वास येतो. मी ताट सरकवते. तू म्हणतेस, "दोनदा साबण लावलाय गं," आणि हात माझ्या नाकाशी धरतेस.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा ओढ्याकडेला जंगलाचा एक तुकडा उरला होता. तिथे तू मला वारुळापाशी नेलंस आणि विळ्याने त्याची एक कड फोडलीस. आत स्पंजासारखा, अक्रोडासारख्या सुरकुत्यांचा एक गड्डा होता, त्यावर बारीक पांढरे मणी. "ने तुझ्या कॉलेजात," म्हणत तू तो पळसाच्या पानात बांधून दिलास. तुझ्याकडून मिळालेल्या वस्तूंपैकी तेवढीच एक मी अजून अल्कोहोलमध्ये जपून ठेवली आहे.

तो गड्डा म्हणजे तिचं शेत असतं, आई. ती वाळलेलं पान, मेलेली फांदी चावून आत नेते, त्यावर बुरशी पिकवते आणि ती बुरशी खाते. जंगलात पडलेलं सगळं तिच्या पोटातून पुन्हा माती होतं. तिने पोखरलेल्या वाटांनी पाऊस जमिनीत मुरतो. तिला खायला मुंग्या येतात, अस्वल येतं, पंख फुटून ती उडाली की पाखरं तुटून पडतात. जिवंत, निरोगी झाडाकडे ती सहसा वळत नाही, कारण तिच्या पायाशी मेलेलं भरपूर असतं. तुम्ही पेटवलंत ते तिचं कोठार होतं. तुम्ही म्हणजे तू नव्हे. उपाशी राहिलेल्या किड्याला त्या काळ्या टेकडीवर एकच गोष्ट मिळाली, परदेशातून आणलेलं, त्याच्याशी झगडायला न शिकलेलं कोवळं रोप. तुझ्या पिशव्यांत काही दोष नव्हता. हे तेव्हा मला ठाऊक असतं तर मी साहेबांसमोर बोलले असते का, कोण जाणे. मी लहान होते आणि ते साहेब होते.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर तुझे हात थरथरू लागले. डोकं दुखायचं. मग एकदा त्या ढिगाशीच तुला झटका आला, दातखीळ बसली. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी मिरगी म्हणून गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "आई, ते काम सोड. ते विष आहे."

"ते किड्यांचं औषध हाय, माणसांचं नाय."

"तुझ्या घराण्यात कुणाला होती का मिरगी?"

"अगं, औंदा कायम करणार हायत. आता सोडू? तुझं शिक्षण काय मामाच्या जिवावर काढायचं?"

मी चिडून लगेचच्या एस.टी.ने परतले. मागे वळून पाहिलं तेव्हा तू फाटकापर्यंत आली होतीस, एवढंच आठवतं.

तुझ्यासोबत पिशव्या भरणारी पाड्यावरची मावशी निरोप घेऊन स्वतः नाशकात आली. मामाच्या दारात ती आधी पाणी प्यायली, मग म्हणाली, "पोरी, तुझी आई हौदात पडली. पाणी गुडघ्याएवढंच व्हतं. आमी रोपं उचलाया गेलतो, कुणी नव्हतं जवळ." कागदावर लिहिलं गेलं की मिरगीचा झटका येऊन बुडाली. पावडर त्यानंतरही येत राहिली. तुझ्या जागी ती मावशी कालवायला बसली.

पुढे संशोधनासाठी मी मुद्दाम तीच टेकडी मागून घेतली. पुन्हा लावलेली निलगिरी जगली होती, उंच, सरळ ओळींत. खाली गवताची काडी नव्हती. मी जागोजागी माती उकरली. पावडर कालवलेल्या मातीतली रोपं लावलेल्या पट्ट्यात उधई नव्हती, मुंग्या नव्हत्या, गांडूळ नव्हतं. निलगिरीची पानं एकावर एक तशीच पडून होती, न कुजता. सगळ्यात खालचा थर हातात घेतला तर तोही कोरडा, अख्खा, शिरा दिसतील असा. त्यांना माती करणारं तिथे कुणी उरलंच नव्हतं. पाऊस त्यावरून सरळ घसरून ओढ्याला जात होता. मी तिथे बसून मोजमाप पूर्ण केलं आणि मग ओढ्याशी जाऊन हात पुन्हा पुन्हा धुतले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. एक मात्र तुलाच सांगते. माझ्या आईला त्या पावडरने मारलं, असं मी वर्गात, सभांत, सगळीकडे सांगत आले. ती पावडर मेंदूवर जाते, झटके आणते, हे खरं आहे. पण तुझं रक्त कुणी तपासलं नाही, आणि तुझ्या बाबतीत मला काहीही सिद्ध करता आलेलं नाही. कदाचित तुला खरंच मिरगी असेल. तसं असेल तर एवढी वर्षं मी हा राग कुणावर धरला, ते मला माहीत नाही.